मदतीचे पान कोणत्या अक्षरात? : लेखनसाधनांच्या किमतीचा इतिहास



साहित्य मंडळाच्या व्याख्यानमालेत संतकवी, नाटककार, कादंबरी हे विषय नेहमी येतात. आजचा विषय त्या पंगतीत बसणारा वाटणार नाही. संगणकावर एखादी आज्ञावली कशी चालवायची हे सांगणारी जी पाने असतात, ज्यांना आपण 'हेल्प' म्हणतो, ती लिहायला परवडणारे साधन कोणते, हा प्रश्न मी घेतला आहे. त्यात साहित्य कुठे आले, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, मराठी गद्याचा फार मोठा भाग या जातीचाच आहे. पाककृती, पंचांगातली माहिती, औषधांचे पाठ, जमीनमोजणीचे नियम, यंत्राची माहितीपुस्तिका हे सगळे 'अमुक काम असे कर' असे सांगणारे लेखन. ते आपल्या भाषेत नसले की आपण आपल्याच कामात परावलंबी होतो.

डिचोली, पेडणे, सत्तरी या महालांना हा अनुभव जुना आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. देवळातले कीर्तन, पोथी, घरातला पत्रव्यवहार मराठीत चालू राहिला. सरकारी कागद मात्र पोर्तुगीजमध्ये. देवस्थानांचा कारभार कसा करावा हे सांगणारा १९३३ सालचा महाजनीचा कायदा पोर्तुगीजमध्येच निघाला. देऊळ आपले, महाजन आपले, पालखी आपली. पण ती चालवण्याचे 'हेल्प' परभाषेत. अर्थ लावायला पोर्तुगीज शिकलेल्या माणसाच्या ओसरीवर जाऊन बसावे लागे. आज पंचायतीतला कारकून, दूध सोसायटीचा सचिव, खनिजाच्या काट्यावर ट्रिपा नोंदवणारा मुलगा यांच्यापुढे संगणकाचा जो पडदा असतो, त्यावरही मदतीचे बटण असते. ते दाबले की काय उघडते, हे आपण सर्व जाणतो.

असे का झाले? सरकारची अनास्था, इंग्रजीचा दबदबा ही उत्तरे खरी आहेत, पण अपुरी आहेत. लिहिण्याच्या साधनाची किंमत हे एक कारण सतत मागे उभे असते. त्याचा इतिहास पाहायचा तर सुरुवात आपल्या गोव्यातूनच करावी लागते.

राशोलचा धडा

१५५६ साली जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात छापखाना सुरू झाला. हिंदुस्थानातला हा पहिला. साठ वर्षांनी, १६१६ साली, राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' छापून झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. भाषा मराठी, छंद ओवी, आणि लिपी रोमन. मराठी ग्रंथ रोमन लिपीत का छापावा लागला? स्टीफन्सला नागरीचे वावडे होते म्हणून नव्हे. १६०८ सालच्या पत्रात त्याने अडचण स्पष्ट मांडली आहे. युरोपीय लिपीला चोवीस साचे पुरतात, इकडच्या अक्षरांना सुमारे सहाशे लागतात. सहाशे साचे पाडायचे म्हणजे कारागीर, धातू आणि पैसा. तो उभा राहिला नाही. अ. का. प्रियोळकरांनी भारतीय मुद्रणाच्या इतिहासात हा सगळा भाग तपशिलाने मांडला आहे, आणि प्रियोळकर हे गोमंतकाचेच.

पुढे काय झाले ते आजच्या विषयासाठी फार महत्त्वाचे आहे. ग्रंथाच्या १६४९ आणि १६५४ सालच्या आवृत्त्या रोमनमध्येच निघाल्या. १९०७ साली मंगळूरला निघालेली आवृत्तीही रोमन. संपूर्ण ग्रंथ देवनागरी मुद्रणात आला तो १९५६ साली, पुण्याहून, शांताराम बंडेलूंच्या संपादनाने. म्हणजे एका छापखान्याजवळ स्वस्तात जे खिळे होते त्यांत मजकूर बसवला, आणि तो मराठी वाचकाच्या डोळ्यांना सरळ वाचता येईल अशा अक्षरांत आणायला तीनशे चाळीस वर्षे गेली. छापायच्या दिवशी रोमन खिळे स्वस्त पडले. पुढच्या वाचकांना ते स्वस्त पडले नाहीत.

देवनागरी खिळ्यांची अडचण सुटली ती एकोणिसाव्या शतकात. १८०५ साली विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापले गेले, त्यात नागरी खिळे होते. मुंबईत मात्र गणपत कृष्णाजींनी आधी शिळाप्रेस धरला. दगडावर हाताने लिहायचे आणि छापायचे; साचे नकोत, खिळे नकोत, सहाशे अक्षरांचा खर्च नको. गरीब भाषेला परवडणारी ती युक्ती होती. पुढे १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर काढला आणि नागरी टाइप इतका सुबक केला की संस्कृतचे पंडितही मुंबईकडे पाहू लागले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवू. निर्णयसागरचा खिळा दुसऱ्या कोणा छापखान्याने घेतला तरी 'क' हा 'क'च राहत असे. छापलेले पान वाचायला निर्णयसागरची परवानगी लागत नसे. संगणकाने ही साधी सोय काही काळ आपल्याकडून काढून घेतली.

पुस्तिका वेगळी, पैसे वेगळे

१९७८-७९च्या सुमारास अमेरिकेत वर्डस्टार नावाची लेखन-आज्ञावली आली. तिची किंमत ४९५ डॉलर, आणि ती कशी वापरावी हे सांगणारी पुस्तिका नुसती हवी असेल तर ४० डॉलर. मदतीच्या कागदालाही बाजारात किंमत असते, हे तेव्हापासूनचे. याला तिकडेच एक उतारा निघाला. १९८३ साली बॉब वॉलेस याने पीसी-राइट ही आज्ञावली दहा डॉलरच्या फ्लॉपीवर द्यायला सुरुवात केली. फ्लॉपीची नक्कल करा, मित्रांना द्या. आवडली तर ७५ डॉलर पाठवून नोंदणी करा, म्हणजे छापील पुस्तिका मिळेल. आज्ञावली जवळजवळ फुकट, पैसे मदतीचे! हा व्यवहार नीट चालला.

आपल्याकडे डॉलरचे हे आकडे फार दूरचे होते. १९९१च्या जुलैमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर ते आणखी दूर गेले. शिवाय त्या आज्ञावल्या घेऊनही मराठी लिहिता येत नव्हते. ती सोय कानपूरच्या आय.आय.टी.त झालेल्या संशोधनातून आली. जिस्ट नावाचे एक कार्ड संगणकात बसवायचे, की डॉसवर चालणाऱ्या इंग्रजी आज्ञावल्यांतही नागरी अक्षरे उमटत. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाल्यावर हे काम तेथे वाढले. त्यामागे एक उत्तम विचार होता. भारतीय लिप्यांचे मूळ एक, तर त्यांची संकेतसारणीही एक असावी. 'इस्की' या नावाने ती १९९१ साली भारतीय मानक झाली. तिच्यात अक्षराचा आकार नोंदवलेला नसे, वर्ण नोंदवलेला असे. 'कि' म्हणजे आधी 'क', मग 'ि', जसे आपण उच्चारतो तसे. कळफलकही त्याच तर्काने मांडलेला. त्याला इन्स्क्रिप्ट म्हणतात.

मग विंडोज आले आणि घडी विस्कटली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळूरच्या सायबरस्केपची आकृती, सी-डॅकची आयएसएम अशी पॅकेजे बाजारात आली. त्यांनी मराठी छपाईचे फार मोठे काम केले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. वृत्तपत्रे, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, आपल्या जत्रांची हस्तपत्रके त्यांच्यावरच निघाली. पण त्यांतला मजकूर फाँटच्या अक्षराकृतींच्या क्रमाने साठवलेला असे. इंग्रजीच्या सारणीतल्या घरांत नागरीचे तुकडे बसवलेले: कुठे अर्धा 'श', कुठे काना, कुठे रफार. कोणत्या घरात कोणता तुकडा, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. 'कि' लिहिताना वेलांटी आधी साठवली जाई, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. एका पॅकेजमधला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये उघडला की पडद्यावर चिन्हांचा कचरा दिसे. या पॅकेजांबरोबर संगणकाच्या मागे लावायचे डोंगल नावाचे कुलूपही येई. ते हरवले की टंकलेखन थांबले.

राशोलला अक्षरे नव्हती म्हणून मजकूर परक्या अक्षरांत गेला. इथे अक्षरे दिसत होती आपली, पण आतली नोंद परक्या अक्षरांची होती. पान सुंदर छापून येई, म्हणून बिघाड कोणाला दिसला नाही.

तळटिपांतली मदत

आता मदतीच्या पानांकडे येऊ. १९९० साली विंडोजची तिसरी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर विनहेल्प ही पद्धत. पडद्यावर मदत दाखवण्याची ही रीत सोयीची होती, पण ती पाने तयार करण्याची रीत विलक्षण होती. मजकूर आरटीएफ नावाच्या स्वरूपात लिहायचा. प्रत्येक विषय नव्या पानावर. पानाच्या सुरुवातीला तळटिपा द्यायच्या: हॅशच्या चिन्हाची तळटीप म्हणजे त्या पानाचे गुप्त नाव, डॉलरच्या चिन्हाची म्हणजे शीर्षक, 'के' या इंग्रजी अक्षराची म्हणजे अनुक्रमणिकेतले शब्द. एका पानावरून दुसऱ्यावर उडी मारायची असेल तर त्या शब्दाखाली दुहेरी रेघ ओढायची आणि त्याला चिकटून, पडद्यावर न दिसणाऱ्या अक्षरांत, पुढल्या पानाचे गुप्त नाव लिहायचे. हे सगळे झाले की संकलक नावाची आज्ञावली त्याचे एक मदतपत्र बांधून देई.

म्हणजे मदत लिहिणाऱ्याला असे लेखनसाधन हवे की ज्यात तळटीप देता येते, दुहेरी अधोरेखा येते, अदृश्य अक्षरे येतात आणि जे हे सर्व आरटीएफमध्ये बिनचूक उतरवते. विंडोजबरोबर फुकट मिळणाऱ्या राइटमध्ये तळटिपेची सोयच नव्हती. १९९५ नंतरच्या वर्डपॅडमध्येही नव्हती. पुरेसे ठरे ते मायक्रोसॉफ्ट वर्ड, आणि ते महाग. मदत बांधायला सोपी करून देणारी रोबोहेल्पसारखी साधने निघाली, तीही वर्डच्या पाठीवर बसूनच चालत आणि त्यांचे पैसे वेगळे. स्वतःची छोटी आज्ञावली लिहून दुकानदारांना, सोसायट्यांना विकणाऱ्या एकट्यादुकट्या प्रोग्रामरपुढे त्यामुळे तीन वाटा उरत: वर्ड विकत घेणे, त्याची चोरटी प्रत वापरणे, किंवा मदत न लिहिणेच. पहिली वाट फार थोड्यांना परवडणारी होती.

चौथीही एक वाट होती, पण तिचा रस्ता अवघड. आरटीएफ हे स्वरूप उघडून पाहिले तर आत साधा मजकूर आणि तिरप्या रेघेने सुरू होणाऱ्या आज्ञा, एवढेच असते. नोटपॅडमध्ये बसून हाताने ते लिहिणे शक्य होते. महागड्या साधनाच्या पोटातही शेवटी साधे अक्षरच असते, हे ज्यांना कळले त्यांचे पैसे वाचले. युनिक्सच्या जगात तर १९७१पासून मदतपुस्तिका अशाच साध्या मजकुरात लिहिल्या जात होत्या.

आणि मराठीचे काय? विनहेल्पच्या पानात श्रीलिपीचा किंवा आयएसएमचा फाँट लावून मराठी मजकूर दाखवता येई. पण मदतपत्राचा जीव असतो त्याच्या अनुक्रमणिकेत. मनुष्य 'पावती' शोधतो, 'व्याज' शोधतो. त्या शब्दांची आतली नोंद फाँटच्या घरांप्रमाणे असल्यामुळे त्यांचा क्रम वर्णमालेप्रमाणे लागणे शक्य नव्हते. 'अ'नंतर 'आ' येईलच असे नाही, आणि वेलांटीचे सगळे शब्द वेलांटीखाली गोळा. शब्दकोशाचा क्रम मोडला तर तो शब्दकोश राहत नाही; मदतीचेही तसेच.

१९९७ साली एचटीएमएल-हेल्प आले. त्याची पाने वेबपानांसारखी, म्हणजे कोणत्याही साध्या संपादकात लिहिता येणारी. वर्डची अट गेली. पानाच्या आत पुढे युनिकोड मराठीही चालू लागले. पण बाजूची अनुक्रमणिका आणि विषयसूची जुन्या आठ-बिटी सारणीतच अडकून राहिली, आणि विंडोजमध्ये देवनागरीला तशी सारणी नव्हतीच. तिची सोय झाली ती थेट युनिकोडमधून. घर मराठीत, पण दारावरची पाटी मराठीत लावता येईना. २००७च्या सुमारास विंडोज व्हिस्टा घराघरांत आली तेव्हा तिच्यात जुने विनहेल्प दाखवणारी आज्ञावली नव्हती. ज्या पानांसाठी महागडे वर्ड घेतले, ती पाने नव्या संगणकावर तशीच उघडेनात.

मोकळे झालेले अक्षर

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. तिच्यातली देवनागरीची मांडणी आपल्या इस्कीच्या आधीच्या मसुद्यावरून घेतलेली आहे. म्हणजे कानपूर-पुण्यातला विचार जगाने उचलला. विंडोज २०००पासून ती सर्वसामान्यांच्या यंत्रावर आली. तरी मराठीची पूर्ण सोय व्हायला वेळ लागला. 'ऑ' होते, पण 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये आले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोवर 'ॲप' किंवा 'ॲल्युमिनियम' लिहिताना मराठी माणूस जोडतोड करीत होता. 'सुऱ्या' आणि 'सूर्या' यांतला फरक दाखवणारा अर्धा 'र' यंत्राला समजावण्यासाठीही नुक्त्याच्या 'ऱ'ची योजना करावी लागली.

साधनाच्या किमतीची बाजूही याच काळात बदलली. सन कंपनीने १९९९मध्ये स्टारऑफिस विकत घेतले आणि पुढच्या वर्षी त्याची मूळ संहिता खुली केली. त्यातून २००२ साली ओपनऑफिस १.० आले. २०१०मध्ये त्यातल्या पुष्कळ कार्यकर्त्यांनी वेगळी संस्था काढून लिबरऑफिस सुरू केले. यांचे कागदपत्र ओडीएफ या स्वरूपात साठतात. ते २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्याची रचना जाहीर आहे. कोणीही ते उघडणारी आज्ञावली लिहू शकतो. निर्णयसागरच्या पानासारखीच ही सोय. मायक्रोसॉफ्टचे ओओएक्सएमएल हे स्वरूप मानक म्हणून मतदानाला आले तेव्हा भारताने विरोधात मत दिले होते, हेही नोंदवू. ते मानक २००८मध्ये संमत झाले. २०१० साली केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले.

गोवा यात मागे नव्हता. नव्या शतकाच्या आरंभीच परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने गावच्या शाळांसाठी वापरलेले संगणक आणले गेले आणि त्यांच्यावर लिनक्स घालण्याचा प्रयोग झाला. कारण साधे होते. संगणक दान मिळतो, पण त्याच्यावरच्या आज्ञावलीचे परवाने दान मिळत नाहीत. फाँटही मोकळे झाले: रेड हॅटचा लोहित, मुंबईच्या एकटाइपचा मुक्ता, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा. स्टीफन्सला न परवडलेले सहाशे साचे आज शाळकरी मुलगा विनामूल्य उतरवून घेतो.

एक गोष्ट येथेच सांगतो. शणै गोंयबाबांचा जन्म आपल्या डिचोलीचा. मराठी-कोकणीचा वाद या भूमीत पुष्कळ झाला आणि आजच्या सभेतही दोन्ही बाजूंची माणसे असतील. पण देवनागरीचा संकेत दोहोंना एकच. मराठीसाठी केलेला कळफलक, फाँट, शोधाची सोय देवनागरी कोकणीला जशीच्या तशी उपयोगी पडते, आणि उलटही. खिळ्याला वाद कळत नाही.

निवड कशी करावी

या सगळ्या इतिहासातून साधन निवडण्याची जी कसोटी निघते ती थोडक्यात मांडतो. पहिला प्रश्न खरेदीच्या किमतीचा नसावा. मजकूर बाहेर काढता येतो का, हा असावा. ज्या साधनातून युनिकोडमधला साधा मजकूर बाहेर येत नाही, ते फुकट मिळाले तरी महाग. दुसरा प्रश्न: शोध आणि वर्णानुक्रम मराठीत नीट चालतो का? मदतीचे पान सापडले नाही तर ते लिहिले नाही यासारखेच. तिसरा: एकच मजकूर छापायलाही आणि पडद्यावर दाखवायलाही वापरता येतो का? लिबरऑफिसमध्ये शीर्षकांना ठरावीक शैली लावून लिहिले तर अनुक्रम आपोआप तयार होतो, पीडीएफ निघते, वेबपानही निघते. तळटिपांतली गुप्त नावे आता लागत नाहीत. चौथा: कुलूप कोणाच्या हातात आहे? परवाना संपला, कंपनी बंद झाली, तरी आपले पान आपल्याला वाचता आले पाहिजे.

या कसोटीवर पाहिले तर छोट्या संस्थेला वर्डची गरज क्वचितच पडते. पडली तर जरूर घ्यावे, विकत घ्यावे. चोरटी प्रत वापरून खुल्या साधनांना 'कमी दर्जाची' म्हणण्याची सवय मात्र सोडावी. जुनी मराठी पॅकेजे छपाईसाठी अजून उपयोगी असतील, तर मूळ प्रत युनिकोडमध्ये ठेवून छपाईपुरते रूपांतर करावे. उलट क्रम करू नये.

शेवटी आपल्या घरची गोष्ट. १९९० ते २०१०च्या दरम्यान आपल्या महालांतल्या साहित्य संस्थांनी, वाचनालयांनी, देवस्थानांनी जी स्मरणिका, इतिवृत्ते, संमेलनांची भाषणे संगणकावर टंकून घेतली, ती कोठे आहेत? छापील प्रत असेल तर वाळवीच्या स्वाधीन. संगणकातली प्रत असेल तर कुठल्यातरी फाँटच्या सारणीत बंद, आणि तो फाँट कोणाकडे होता हे ठाऊक असलेला टंकलेखक आता दुसऱ्या धंद्यात. हा मजकूर अजून सोडवता येतो. रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत, त्या काळची माणसे हयात आहेत. आणखी वीस वर्षांनी यातले काहीच हाताशी नसेल. ख्रिस्तपुराणाला बंडेलू भेटले, कारण रोमन अक्षरे निदान वाचता येत होती. फाँटमध्ये अडकलेला मजकूर वाचायला तेवढाही आधार नाही.

म्हणून मंडळापुढे दोन कामे ठेवतो. एक, आपल्या आणि शेजारच्या संस्थांच्या जुन्या फायली गोळा करून, कोणत्या पॅकेजमध्ये आणि कोणत्या फाँटमध्ये टंकल्या त्याची नोंद करून, त्या युनिकोडमध्ये आणाव्यात. दुसरे, पंचायत, सोसायटी, शाळा येथे रोज वापरल्या जाणाऱ्या एका तरी आज्ञावलीचे मदतपत्र आपल्या शुद्ध, सोप्या मराठीत लिहावे. त्यासाठी कवी लागत नाही. वाक्य नीट लिहिणारा आणि काम जाणणारा माणूस लागतो. असे पन्नास पानांचे पुस्तक वाळवंटीच्या या काठावर तयार झाले, तर विठ्ठलापुरात जत्रेला येणाऱ्या माणसालाही आपल्या मंडळाचे काम काय ते समजावून सांगावे लागणार नाही.